रहमतबाबूंचा उजवा हात

तारेच्या यंत्रावर बसून मी एक विनोद केला, आणि त्यापायी रहमतबाबूंची खुर्ची गेली.

विनोद वाईट नव्हता, असं मी पुढं कित्येक वर्षं मनाशी म्हणत राहिलो. निर्लज्ज माणूस आधी आपल्या विनोदाची बाजू घेतो, मग आपली. चूक निराळीच होती. एका तारेवर पाच-सहा ऑफिसं बांधलेली असतात आणि एकानं केलेली टिकटिक सगळ्यांच्या टेबलावर वाजते, हे मी विसरलो. तारेच्या माणसानं हे विसरावं म्हणजे न्हाव्यानं वस्तऱ्याला धार असते हे विसरावं. फरक एवढाच, की न्हाव्याच्या विसरण्याचं रक्त निदान दिसतं.

गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मला अजून ओळखतात, आणि ओळख देतात याचीच भीती वाटते. बुलढाणा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं होतं तो काळ, एवढं पुरे. कौलारू पोस्ट. एका कोपऱ्यात तिकिटांची खिडकी, ती माझी. दुसऱ्या कोपऱ्यात तारेचं यंत्र, ते रहमतबाबूंचं. पोस्टमास्तर होते, पण स्वभावानं गरीब. त्यांचा या गोष्टीत उपद्रव नाही आणि उपयोगही नाही.

रहमतबाबू रोहिणखेडचे. मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घराणं रंगाऱ्यांचं. ते सांगत, "आमच्या घरात समद्याईचे हात मनगटापर्यंत निळे. मले इंग्रजी शाळेत टाकलं तवा बाप म्हणला, घरात एक तरी हात पांढरा राहू दे." हा पांढरा राहिलेला हात म्हणजे रहमतबाबूंचा उजवा. त्या हाताची त्यांनी जी बडदास्त ठेवली होती ती एखाद्या जहागीरदारानं घोड्याचीही ठेवली नसेल. जेवण, सुपारी आणि तार, या तीन कामांपुरताच तो बाहेर यायचा. बाकी सगळी हमाली डाव्याकडं. डाव्याला ते सरळ 'कुली' म्हणत. छत्री कुली धरणार, कुलूप कुली उघडणार, सायकलची चेन पडली तर कुली काळा होणार. हिवाळ्यात बायकोनं विणलेला लोकरी मोजा उजव्या हाताला, एकाच. ईदला गळाभेट घेताना ते मिठी डाव्यानं मारत आणि उजवा पाठीमागं उंच धरत, चिखलातून जाताना आपण धोतराचा सोगा धरतो तसा. धाड गावच्या बाजारात वांगी हातानं निवडत नसत. छत्रीच्या टोकानं दाखवत. एकदा एक बागवानीण म्हणाली, "काऊन वो बाबू, माह्या वांग्याले काटे हायेत का?" रहमतबाबू म्हणाले, "काटे नाहीत बाई, पण माह्या बोटाले नजर लागते."

नजर लागण्यासारखी बोटं होती हे खरं. पितळी दांडीच्या टोकाला काळी मूठ, ती खाली दाबायची आणि सोडायची, यापलीकडं तार पाठवण्यात काही नाही. आखूड ठोका नि लांब ठोका, संपली विद्या. पण तेवढ्यात प्रत्येकाचा हात निराळा असतो, आणि सवयीचा कान नुसत्या ठोक्यांवरून माणूस ओळखतो. रहमतबाबूंच्या हाताची खूण म्हणजे नवा शब्द उचलण्याआधी केसभर थांबणं. गवई समेवर येण्याआधी श्वास घेतो तसं. तार मलाही येत होती, आणि माझ्या हाताबद्दल त्यांचं मत त्यांनी पहिल्याच आठवड्यात दिलं. "तुहा हात म्हंजे टिनावर बोरं पडून राह्यली, छोटे बाबू." माझं नाव वामन, पण मला मोठं कोणी म्हणूच नये अशी त्यांची तजवीज होती.

तारेच्या वरच्या टोकाला, रेल्वेच्या गावी, गणपतराव नावाचे तारबाबू होते. रहमतबाबूंनी त्यांना उभ्या जन्मात दोनदा पाहिलं असेल, पण दोस्ती अशी की सख्ख्या भावांनी लाजावं. एका सकाळी गणपतरावांकडून चार साध्या तारा आल्या. रहमतबाबू उतरून घेता घेता थांबले. "गणपतरावाले ताप हाय," म्हणाले. "आखूड ठोके लांबून राह्यले." लगेच विचारलं, तर उत्तर आलं की हो, रात्रीपासून हुडहुडी भरते आहे. मी थक्क झालो. रहमतबाबूंनी मात्र मिशीवरून बोट फिरवलं, आणि ही गोष्ट पुढचा महिनाभर तिकीट घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली. नम्रपणा हा गुण त्यांच्या हातात नव्हता आणि तोंडातही नव्हता.

तार घरी पोचली की काय होतं, याचं मात्र त्यांना कोडं होतं. त्या काळी तार म्हणजे मरण, असाच हिशेब. शिपायाला त्यांची ताकीद असे, "आधी घरातल्या मोठ्याले बसव, मंग कागद दे. तार कानात गेली की पाय जातात." एकदा शिपाई आजारी होता म्हणून अमडापूरची तार द्यायला ते स्वतः निघाले आणि मला सोबत घेतलं. तार चांगली होती. मुंबईकडं नोकरीला असलेल्या पोराला मुलगा झाला होता. पण म्हातारीनं लांबूनच लिफाफा पाहिला आणि अंगणातच मटकन बसली, ओरडायलाही आवाज नाही. रहमतबाबूंनी पळत जाऊन सांगितलं, "माय, नातू झाला." म्हातारी हसली, रडली, गूळ आणायला उठली. पण गुळाचा खडा काही तिच्या हातात राहीना. हात लटलट कापत होते, मानेवर घाम, छातीचा पदर वरखाली. चांगली अर्धी चिलीम ओढून होईपर्यंत तिचं अंग थाऱ्यावर आलं नाही.

 परत येताना रहमतबाबू म्हणाले, "खबर बदलली, पण आंगाले पत्ताच नाही. तिले कळलं, तिच्या हाताले काऊन नाही कळलं बे?"

मी मॅट्रिक झालेला. म्हटलं, "म्हातारपण, बाबू."

माझ्या बहुतेक उत्तरांसारखं हेही चटकन आणि चुकीचं होतं.

त्यांच्या हाताचं दुखणं केव्हा सुरू झालं, ते नक्की सांगता येत नाही. त्यांनी लपवलं, आणि लपवण्यातही त्यांचा हात कसलेला. आधी एखादा ठोका जास्तीचा पडायला लागला. गणपतराव "पुन्हा पाठवा" म्हणू लागले, तेही इतक्या अदबीनं की जणू चूक त्यांच्याच कानाची. मग मूठ धरली की अंगठा हळूच तळहाताखाली जाई, कासव मान आत घेतं तसा, आणि मनगट वळून ताठ होई. रहमतबाबू हात झटकत, मोजा घालून बसत, मुठीत पेन्सिल धरून तिच्या टोकानं दाबून पाहत. आणि मग, "छोटे बाबू, एवढ्या दोन तारा तू मार. माह्या डोक्स्यात कळ आली."

सरकीच्या आणि रुईच्या हंगामात तारांचा पाऊस पडे. दोनाच्या वीस झाल्या. माझी तिकिटांची खिडकी सांभाळून मी त्यांच्या तारा मारायचो, आणि ते मागच्या ओसरीवर बसून सुपारी कापायचे. तीही अशी, की अडकित्त्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चकती निघावी आणि वाऱ्यानं उडावी. उजव्या हातानं. अंगठा जागेवर, मनगट सैल, कासव नाही की काही नाही. मी दारातून पाहायचो आणि आतल्या आत धुमसायचो. हात दुखतो म्हणे. तारेला दुखतो आणि सुपारीला दुखत नाही, असा हात मी तरी पाहिला नव्हता.

आता विनोद.

सरकारी तारा इंग्रजीत जात. पण दुपारी लाइन रिकामी असली की आम्ही मंडळी इंग्रजी अक्षरांतून आपल्या बोलीतच गप्पा हाणत असू. त्या दिवशी गणपतरावांनी विचारलं, बाबू कुठं आहेत, हात कसा आहे. मी मुठीवर हात ठेवला आणि टिकटिकवलं:

"बाबूचा हात तारेले आजारी, सुपारीले ठणठणीत."

लाइनीवर हसू उमटलं. तारेवर हसण्याची एक ठरलेली टिकटिक असते. ती आधी एका ऑफिसातून आली, मग दुसऱ्यातून, मग आणखी एका. गणपतराव तेवढे हसले नाहीत. मी खूष होऊन पुढचं काहीतरी सुचवत होतो, तेवढ्यात एक अनोळखी हात बोलला. थंड, सारखा, छापल्यासारखा. इंग्रजीत. कोण बोलतो आहे, ऑफिसचं नाव सांगा, बाबू म्हणजे कोण ते सांगा.

दौऱ्यावर आलेले खात्याचे इन्स्पेक्टर साहेब शेजारच्या गावच्या ऑफिसात यंत्रासमोर बसले होते.

मी मागं वळलो, तर दारात रहमतबाबू उभे. हातात सुपारीची ताटली. झोपेतही ठोके वाचणारा माणूस. त्यांना मी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.  ते म्हणाले, "'आजारी' मस्त मारलं तू. हात सुधरला तुहा."

अन् ताटली माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या सुपारीचं मी काय केलं असेल? खाल्ली. काय करावं सुचत नव्हतं म्हणून एकेक चकती तोंडात टाकत बसलो. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, जेवत का नाही. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या तोंडाले कधी सुट्टी नव्हती, आता हाताचीबी गेली."

दोन दिवसांनी साहेब आले. खाकी कपडे, गोरीपान बोटं, आवाजही तारेवरच्या हातासारखाच सपाट. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनी बोलावून घेतलं होतं. डॉक्टर पुण्याकडचे, सबनीस नावाचे, आणि त्यांची शुद्ध भाषा ऐकून आमच्या गावातली माणसं दुखणं सांगायलाच लाजत. साहेबांनी रहमतबाबूंना यंत्राकडं बोट दाखवलं. "गणपतरावांना चार ओळी पाठवा."

रहमतबाबू बसले. शेरवानीची बाही सारखी केली. मुठीवर हात ठेवला, आणि आमच्या डोळ्यांदेखत कासव आत गेलं. मनगट वळलं, दंडापर्यंत शिरा तटतटल्या, आणि मूठ जी खाली दबली ती वर येईना. एकच लांबच लांब ठोका. लाइनभर तो ऐकला असेल. कपाळावरून घाम ओघळून दाढीत शिरत होता.

साहेबांनी खिशातून एक सुपारी काढली. मग अडकित्ता काढला. दोन्ही यंत्राशेजारी ठेवले. "आता हे."

 पोस्टमास्तर भिंतीकडं पाहू लागले. मी मनात म्हणत होतो, बाबू, पडू द्या हातातून. जाड कापा. बोट कापलं तर त्याहून चांगलं. एवढंच करायचं होतं. नोकरी वाचत होती. रहमतबाबूंनी अडकित्ता उचलला, उजेडात धरून धार पाहिली, आणि सुपारी कापायला घेतली. पापुद्र्यामागून पापुद्रा. एक चकती उडून साहेबांच्या खाकी बाहीवर बसली.

साहेब म्हणाले, "बस."

नंतर मी विचारलं होतं, जरा जाड कापली असती तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, "अन् तो साहेब गावोगाव सांगत फिरला असता ना, रहमतले सुपारी कापता येत नाही म्हणून."

"आजारी माणूस सगळीकडे आजारी असतो, डॉक्टर," बाहीवरची चकती झटकत साहेब म्हणाले. "वाघ दिसल्यावर जो पळतो, तो लंगडा नसतोच."

डॉक्टर सबनीस पुढं झाले. त्यांनी रहमतबाबूंना पुन्हा मुठीवर हात ठेवायला सांगितलं आणि साहेबांचा हात ओढून बाबूंच्या कोपराखाली ठेवला. "इथं बोट दाबा. हा स्नायू बोट खाली दाबतो. हा वरचा, तो उचलतो. एकाला 'चल' म्हणताना दुसऱ्याला 'सोड' म्हणावं लागतं, आणि मेंदू दोन्ही निरोप मज्जातंतूंवरून एकाच दमात धाडतो. शिवाय स्नायूंकडून उलट खबर जाते ती वेगळी, की मी इथवर आलो, आता बेताबेतानं. म्हणून डोळे मिटले तरी तपकीर नाकातच जाते, कानात जात नाही. आता यांचं बघा. दोन्ही स्नायू टणक. दोघांनाही 'चल' मिळालंय. दोन बैल दोन बाजूंना ओढताहेत, मग जू हलणार कसं?"

"मग सुपारीला कसं हलतं?"

"सुपारीची वाट निराळी. एका चाकोरीतून वर्षानुवर्षं गाडी गेली की कधी कधी चाकोरीच ढासळते. शेजारची पायवाट शाबूत राहते. असं का होतं, ते आम्हालाही धड ठाऊक नाही. पण होतं. कारकुनांना होतं, सतारियांना होतं. सोंग नव्हे हे."

"आणि हा घाम? थरथर?"

"ती तुमच्यामुळं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. माणूस भ्याला की त्या एक रस रक्तात सोडतात. तो तारेनं जात नाही, टपालासारखा रक्तातून घरोघर वाटला जातो. काळजाला, फुप्फुसांना, हातापायांना. तार येते नि संपते. हे टपाल एकदा निघालं की परत बोलावता येत नाही, वाटून संपेपर्यंत अंग कापतच राहतं. तुम्ही समोर उभे असताना या हाताची परीक्षा घेणं म्हणजे विस्तवाशेजारी लोण्याची परीक्षा घेणं."

रहमतबाबूंचा चेहरा एकदम उजळला. आपलं काय होणार याचा त्यांना विसरच पडला. माझ्याकडं वळून म्हणाले, "ऐकलं काय बे? अमडापूरच्या म्हातारीचं. खबर बदलली, पण टपाल आधीच निघून गेल्तं." मग साहेबांना, "म्हंजे आंगातबी आपलंच खातं हाय, साहेब. तार निराळी, टपाल निराळं. अन् तिथंबी तार बिघडली की टपालवाल्याईची गर्दी."

साहेब हसले नाहीत. पण डॉक्टरांच्या बोलण्यानं एवढं झालं, की घरी बसवायचं ठरवून आलेल्या साहेबांनी रहमतबाबूंना माझ्या जागी, तिकिटांच्या खिडकीवर बसवलं. आणि मला त्यांच्या खुर्चीवर. शिक्षा कोणाला झाली, ते साहेबांना बहुधा कळलं नसेल.

त्यानंतरची वर्षं मी त्या खुर्चीवर काढली. पाठीमागं, बोलण्याच्या अंतरावर, रहमतबाबू. लाइनीवरचं सगळं त्यांना ऐकू येई. बोलता येत नव्हतं एवढंच. तिकिटावर शिक्का मारता मारता ते माझे ठोके दुरुस्त करत. "लांब कर. अजून. त्याले गिळू नको." पांढरा हात आता रोज शिक्क्याच्या शाईनं काळानिळा होई. रोहिणखेडहून त्यांचा भाऊ एकदा आला. रंगारी माणूस. त्यानं तो हात पाहिला आणि हसून म्हणाला, "आलास शेवटी घरी." रहमतबाबूही हसले. मी तारांचे कागद उगाच खालीवर केले.

मी माफी मागायला गेलो नाही असं नाही. चार वेळा गेलो. कधी चहावर, कधी ओसरीवर, कधी त्यांच्या घरी, सणाचं निमित्त करून. मी घसा साफ केला की ते हात वर करत. "इथं नाही. तारेवर केलं ते तारेवर फेड." आणि तिथंच माझं पाणी पळे. सगळी लाइन ऐकणार. विनोद करताना मला एकांत लागला नव्हता. माफीला लागत होता.

रोज संध्याकाळी लाइन बंद होताना गणपतराव न चुकता रहमतबाबूंच्या नावानं राम राम धाडत. रहमतबाबू खिडकीतूनच मान लववत आणि मी त्यांच्या वतीनं उत्तर देई. एकदा मला उमाळा आला. रहमतबाबूंसारखा केसभर थांबून, त्यांच्या चालीवर मी राम राम मारला. वाटलं, दोघांनाही बरं वाटेल. गणपतरावांचं उत्तर एवढंच आलं, "सोंग नको." रहमतबाबू त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. खिडकीच्या फळीवर डाव्या हाताची बोटं वाजवत बसले. ही त्यांची नवी सवय होती. काम नसलं की कुलीची बोटं फळीवर टकटक करत. मला वाटे, रिकामपण.

मग त्यांचा नोकरीतला शेवटचा दिवस आला. पोस्टमास्तरांनी हार घातला. हार उजव्या बाजूला कललेला होता तो रहमतबाबूंनी कुलीकडून सरळ करून घेतला. संध्याकाळी लाइन बंद व्हायच्या वेळी गणपतरावांचा हात बोलला. आज राम राम बाबूनं स्वतः द्यावा. एकच शब्द, कसाही. आम्ही थांबलो आहोत. आणि मागोमाग एकेक ऑफिस म्हणालं, थांबलो आहोत.

मी खुर्चीवरून उठलो. रहमतबाबू आले, बसले. बाही सारखी केली. उजवा हात त्यांनी मांडीवर ठेवला, शाईच्या डागांसकट, आणि त्यावर शेरवानीचं टोक ओढलं. मग डावा उचलला. उभा जन्म हमाली केलेला कुली गादीवर येऊन बसला. फळीवरची ती टकटक काय होती, ते मला तेव्हा कळलं.

ठोके वाकडे होते. अडखळत, एक मोठा एक बारीक, टिनावर बोरं पडावीत तसे. पण नवा शब्द उचलण्याआधी तो केसभर थांबला. तो श्वास तोच होता. हात बदलला होता आणि श्वास बदलला नव्हता.  वाटलं, आता गणपतराव ओळखतील, आता लाइन उचलून धरेल.

 मग गणपतराव बोलले. भरभर, रागानं.

"वामन्या, आजच्या दिवशीही सोंग? इतकी वर्षं खुर्ची अडवलीस, गाढवही शिकलं असतं. उठ. बाबूले बसू दे."

रहमतबाबूंनी शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकून घेतलं.  मी मुठीकडं हात नेला. सांगणार होतो, गणपतराव, हा बाबूंचाच हात आहे, डावा आहे, तुम्ही चुकताय. रहमतबाबूंनी, साहेबांपुढं सुपारी पातळ कापताना होता त्याच चेहऱ्यानं, माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही. मग ते उठले, छत्री घेतली.

मी बसलो. डॉक्टरांच्या त्या टोप्यांमधलं टपाल केव्हाच निघालं होतं. कानात काळीज वाजत होतं, आणि बोटं माझी असल्यासारखी वाटत नव्हती. सगळी लाइन ऐकत होती. मी मारलं:

"हो. मीच. सोंग माझंच होतं. आधीचंही सगळं माझंच. माफ."

लाइनीवर हसू उमटलं. एका ऑफिसातून, मग दुसऱ्यातून. मी मूठ सोडली तरी हात कापतच होता. 'माफ'मध्ये दोन ठोके जास्तीचे पडले होते, ते माझ्याही कानाला कळलं.

रहमतबाबू दारात थांबले होते, पाठमोरे, छत्री कुलीकडं, उजवा हात सवयीनं पाठीमागं उंच धरलेला. मागं न वळताच म्हणाले,

"माफी तरी सरळ मार बे."